तळघरातले पाणी

वडगाव-तळेगाव परिसरातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात ‘साहित्य आणि चित्रपट’ ही अभ्यासपत्रिका शिकविणारे एक प्राध्यापक दरवर्षी जुलैमध्ये एम.ए.च्या वर्गाला क्रिस्टोफर नोलन यांचा ‘द प्रेस्टिज’ (२००६) दाखवीत असत. चित्रपट इंग्रजी, काळ व्हिक्टोरियन लंडनचा, विषय दोन जादूगारांच्या वैराचा. वर्गात बसलेली बहुतेक मुले पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांमधून पहिल्या एस.टी.ने येणारी. अशा वर्गासाठी हीच निवड का, असा प्रश्न विभागात कोणी ना कोणी विचारी. प्राध्यापकांचे उत्तर ठरलेले असे : निवेदनमीमांसा समजावून सांगण्यासाठी याहून सोयीची संहिता त्यांना आढळली नव्हती. हे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्याची अपुरेपणाची बाजू त्यांच्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली आणि ती आणून दिली एका विद्यार्थिनीने.

त्या वर्षी पाऊस मोठा होता. पडद्यावर रॉबर्ट अँजिअर हा जादूगार अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे निकोला टेस्ला या वैज्ञानिकाला भेटायला गेलेला आहे. (टेस्ला १८९९-१९०० मध्ये खरोखरच तेथे प्रयोगशाळा थाटून राहिला होता, चित्रपटाने एवढा आधार इतिहासातून उचलला आहे.) बर्फाळ माळावर जमिनीत रोवलेले शेकडो दिवे कोठल्याही तारेवाचून एकदम उजळतात. नेमक्या त्याच वेळी वर्गातली वीज गेली. मुले हसली. मावळात पावसाळ्यात वीज जाणे यात नवल काहीच नव्हते; तरी योगायोग इतका नेटका होता, की एखाद्या कादंबरीकाराने तो संकोचून गाळलाच असता. वीज दुपारपर्यंत आली नाही. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी दाखविण्यात आला.

दुसऱ्या दिवशी चित्रपट संपल्यावर चर्चा नेहमीच्या वळणाने चालली. कोणाला रहस्य आधीच कळले होते, कोणाला मुळीच कळले नव्हते. आंदर मावळातून, खांडीच्या बाजूने येणारी एक मुलगी मात्र शेवटच्या दृश्यापाशी अडून बसली होती. तिने विचारले, “सर, त्या टाक्यांमधल्या माणसांचं काय?”

प्राध्यापकांनी पाठ असलेले उत्तर दिले. ती निराळी माणसे नव्हेत, तो अँजिअरच आहे; टेस्लाच्या यंत्राने दर रात्री त्याची एक प्रतिकृती निर्माण होते आणि मंचावरचा अँजिअर चोरदारातून खालच्या पाण्याच्या टाकीत पडून मरतो. मुलगी म्हणाली, “पण तो तर वर टाळ्या घेत उभा आहे. मग खालचा कोण?”

तास संपल्याची घंटा झाली, ही प्राध्यापकांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट ठरली.

त्यांच्या अध्यापनाचा रोख तोवर दुसरीकडे होता. क्रिस्टोफर प्रीस्ट यांच्या मूळ कादंबरीत (१९९५) आल्फ्रेड बॉर्डन आणि रूपर्ट अँजिअर या दोघांची आत्मनिवेदने आहेत आणि त्यांना आजच्या काळातील वंशजांच्या कथेची चौकट आहे. चित्रपटाने अँजिअरचे पहिले नाव बदलले, वंशजांची चौकट काढून टाकली, खुनाचा खटला आणि फाशी ही नवी चौकट घातली. रोजनिशा मात्र ठेवल्या. कोलोरॅडोत अँजिअर बॉर्डनची सांकेतिक लिपीतील वही उलगडतो आहे. तुरुंगात बॉर्डन अँजिअरची रोजनिशी वाचतो आहे. आणि त्या रोजनिशीतला अँजिअर बॉर्डनची वही वाचतो आहे. अखेरीस प्रत्येक वही आपल्या वाचकाला नाव घेऊन संबोधते आणि त्याचा उपहास करते. म्हणजे वही लिहिलीच गेली ती प्रतिस्पर्ध्याने चोरून वाचावी म्हणून. अभिप्रेत वाचक ही संकल्पना पुस्तकातून शिकविताना मुलांच्या चेहऱ्यावर जी शून्यता दिसते, ती हा प्रसंग दाखविल्यावर नाहीशी होते, हा प्राध्यापकांचा अनुभव होता. अविश्वसनीय निवेदकाविषयीही तेच. बॉर्डन या नावाखाली दोन जुळे भाऊ आळीपाळीने एकच आयुष्य जगत आहेत; एकजण बॉर्डन असताना दुसरा फॅलन नावाचा दाढीवाला सहायक असतो. त्यामुळे बॉर्डनच्या वहीतील ‘मी’ या सर्वनामाला दोन धनी आहेत. सर्वनाम खोटे बोलत नाही आणि खरेही सांगत नाही. व्याकरणाचा इतका नाट्यमय वापर चित्रपटात क्वचितच झाला असेल.

प्राध्यापक आणखी एक मुद्दा आवर्जून मांडीत, आणि तो मात्र सर्वस्वी त्यांचा होता. या चित्रपटातील सर्वांत कुशल वाचक जादूगार नाहीत. ती बॉर्डनची पत्नी सॅरा आहे. नवरा प्रेमाचे शब्द उच्चारतो, तेव्हा आज ते खरे आहेत की नाहीत, हे ती त्याच्या डोळ्यांवरून ओळखते आणि त्याला तसे सांगतेही. तिचे वाचन दर वेळी अचूक असते. ज्या दिवशी तिचा नवरा उभा असतो त्या दिवशी शब्द खरे, ज्या दिवशी दीर उभा असतो त्या दिवशी नाहीत. तिच्यापाशी नसते ते केवळ या अचूक वाचनाला अर्थ देणारे गृहीतक, आणि त्याच्या अभावी ती स्वतःला वेडी ठरवून गळफास घेते. अँजिअरला हे रहस्य शोधायला दोन खंड पालथे घालावे लागतात. तिला ते रोज दिसत होते.

या मांडणीत टाक्या कोठेच नव्हत्या. त्यांच्या मते यंत्र हा चित्रपटाचा सर्वांत कच्चा दुवा होता. जुळ्या भावांच्या रहस्याचे धागे चित्रपट पहिल्या मिनिटापासून प्रेक्षकाच्या हाती देत जातो. पिंजऱ्यातला पक्षी चेंगरून मारून त्याच्यासारखाच दुसरा दाखविला जातो, तेव्हा एक लहान मूल रडत विचारते की याचा भाऊ कोठे आहे. सगळे गुपित त्या प्रश्नात फोडलेले असते. याउलट माणसाची हुबेहूब प्रत काढणारे यंत्र हे हातचलाखीच्या कथेत विज्ञानकथेचे पात्र आणून बसविण्यासारखे आहे. प्रेक्षकाशी केलेल्या कराराचा तो भंग आहे. हे मत त्यांनी एका नियतकालिकात लेखरूपानेही मांडले होते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर लेख पुन्हा वाचताना त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. ‘पाणी’ हा शब्द त्यात एकदाही आला नव्हता.

हे विचित्र होते, कारण चित्रपट पाण्याने भरलेला आहे. अँजिअरची पत्नी ज्युलिया मंचावरच, पाण्याच्या टाकीत, हातावरच्या गाठी न सुटल्यामुळे बुडून मरते. वैराचा आरंभ तेथे आहे. बुडता बुडता वाचलेल्या एका खलाशाला ते मरण घरी परतल्यासारखे वाटले होते, असे सांगून कटर हा वृद्ध योजक अँजिअरचे सांत्वन करतो. पुष्कळ नंतर तो कबूल करतो की ते आपण खोटे सांगितले; खलाशाने यातनाच सांगितल्या होत्या. या कबुलीपर्यंत अँजिअर रात्रीमागून रात्री टाकीत पडत आलेला असतो. मंचावर वीज कडाडते, माणूस नाहीसा होतो आणि क्षणात प्रेक्षागृहाच्या दुसऱ्या टोकाला प्रकट होतो. टाळ्यांच्या वेळी मंचाखाली एक माणूस काचेवर मुठी आपटीत असतो. टाक्या हलविण्यासाठी अँजिअरने आंधळे कामगार ठेवलेले आहेत. हा तपशील पटकथेत ओझरता येतो. कथानक पुढे सरकायला त्याची गरज नाही, म्हणून निवेदनमीमांसेच्या चाळणीतून तो सहज निसटतो.

वर प्रकाश आणि खाली पाणी. हे दृश्य कोठे पाहिले आहे, हे त्या प्राध्यापकांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

त्यांचे गाव आंदर मावळातले. कान्हे फाट्यावरून रेल्वेचे फाटक ओलांडून टाकवे बुद्रुक, पुढे वडेश्वर, आणि मग डाव्या-उजव्या डोंगरांच्या मधोमध पसरलेले ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी. हे खोरे आंद्रा नदीचे. नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी, इंद्रायणीला मिळणारी, म्हणजे देहू-आळंदीच्या वाटेवरची. मुंबईला वीज हवी होती म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधली गेली : लोणावळ्याच्या तलावांवर चालणारे खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले, आंदर मावळच्या पाण्यावरचे भिवपुरीचे १९२२ साली, मुळशीच्या पाण्यावरचे भिरा येथील १९२७ साली. तिन्हींचे तत्त्व एकच. पूर्वेकडे जाणारे पाणी अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवायचे, कड्यावरून कोकणात सोडायचे आणि त्या पडण्यातून वीज काढायची. कुसूर घाटाच्या माथ्यावर उभे राहिले तर दोन्ही बाजू मनात एकत्र बांधता येतात : मागे निश्चल जलाशय, पुढे खोल उतरत गेलेले कर्जतचे खोरे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, त्यामुळे मुळशी हे नाव इतिहासात आणि वाङ्मयात राहिले. ठोकळवाडीच्या वाट्याला तसे काही आले नाही.

प्राध्यापकांच्या आजीचे माहेर त्या पाण्याखाली होते. धरण भरले तेव्हा ती दहाएक वर्षांची असावी. वयाचा नेमका हिशेब तिच्यापाशी नव्हता. लहानपणी तिच्याबरोबर काठाने जाताना ती हात लांबवून पाण्यातल्या जागा दाखवी. “तिकडं बघ, त्या वड्याच्या अंगाला आमचं खळं व्हतं. हिकडं चिंच. चिंचंच्या बुडाला जोत्याबाय.” पाणी सगळीकडे सारखेच दिसे. नातवाला प्रश्न पडे की हिला एवढे स्पष्ट दिसते कसे. तिच्या बोलण्यात गाऱ्हाणे नसे, निदान त्याला ते ऐकू आले नाही. घराच्या पडवीत बसून शेजारणीच्या अंगणाकडे बोट करावे, तशी ती पाण्याकडे बोट करी.

शाळेत एकदा जादूगार आला होता. तो काळ जादूगार रघुवीरांचा होता. चाकणजवळच्या आंबेठाणला जन्मलेल्या या माणसाने (१९२४-१९८४) जादूला मराठी नाट्यगृहांत मान मिळवून दिला होता. पण खेड्यातल्या शाळेत यायचा तो कोणीतरी पत्र्याची पेटी घेऊन हिंडणारा गरीब कलावंत. त्याने पाण्याचा लोटा रिकामा करून दाखविला. थोड्या वेळाने पुन्हा रिकामा केला. मग पुन्हा. ‘वॉटर ऑफ इंडिया’ या नावाने हा प्रयोग जगभरच्या रंगमंचांवर होत असे, हे पुढे पुस्तकांतून कळले. मुलाने घरी येऊन आजीला सगळे वर्णन करून सांगितले : लोटा कसा संपतच नाही, पाणी येतच राहते. आजीने तांदूळ निवडता निवडता विचारले, “आन् वतल्यालं पानी कुठं गेलं?” पोराला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला. जादू लोट्यात होती. बादलीकडे पाहायचे कारण काय?

तो मुलगा पुढे पुण्याला शिकायला गेला, आणि त्याच्या जीवनातली जी गोष्ट इतके दिवस कोणत्याही लेखात आली नव्हती ती येथे घडली. वसतिगृहातल्या पहिल्याच महिन्यात त्याच्या ‘व्हतं’ आणि ‘आन्’ची नक्कल झाली. दुसऱ्या सत्रापर्यंत त्याची भाषा इतकी स्वच्छ झाली की नक्कल करणाऱ्यांनाच त्याच्या टिपणवह्या लागू लागल्या. घरी आल्यावर तो जुन्या बोलीत बोले, गाडीत बसल्यावर नव्या. कान्ह्याच्या फाटकापाशी बदल होई. एका टोकाला एकजण चोरदारातून खाली जाई, दुसऱ्या टोकाला दुसरा टाळ्या घ्यायला उभा राही. याला ढोंग म्हणता येणार नाही. मराठीच्या शेकडो अध्यापकांनी हा प्रयोग केलेला आहे, आणि तो केल्यावाचून त्या काळी व्यासपीठावर उभे राहता येत नसे. पण बॉर्डन बंधूंचा प्रयोग आणि हा प्रयोग यांत एक फरक आहे. बॉर्डनच्या घरी दोघेही जिवंत असतात, आळीपाळीने का होईना जेवतात, झोपतात, एकाची दोन बोटे गोळीने उडाली तर दुसरा छिन्नीने आपली तोडून घेतो. अँजिअरचे तसे नाही. त्याला वर येणाऱ्याचीच गरज आहे. सुरुवातीला त्याने रूट नावाच्या दारुड्या नटाला तोतया म्हणून घेतलेले असते; तेव्हा टाळ्या रूटला मिळतात आणि खरा जादूगार मंचाखाली उभा राहून अदृश्य प्रेक्षकांसमोर वाकतो. हा अपमान सहन न झाल्यामुळेच तो यंत्राकडे जातो. टाळ्या घेणारा आपणच असलो पाहिजे, मग खाली जाणाराही आपणच असला तरी चालेल.

‘प्रेस्टिज’ या शब्दाचा इतिहास येथे आठवतो. आज त्याचा अर्थ प्रतिष्ठा असा होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भुलवणी, दृष्टिभ्रम असा होता. प्राध्यापक दरवर्षी हे वर्गात सांगत. स्वतःच्या प्रतिष्ठेला ते लावून पाहण्याचे त्यांना सुचले नव्हते.

त्या आठवड्यात त्यांनी दादासाहेब फाळक्यांविषयीची टिपणे काढली. ती पूर्वी दुसऱ्या एका लेखासाठी केलेली होती. चित्रपट हे माध्यमच जादूगारांच्या हातून वाढले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. पॅरिसमधील रोबेर-हुदँ यांच्या नावाचे नाट्यगृह १८८८ मध्ये विकत घेणारा जॉर्ज मेलिएस हा त्याचा पाठ्यपुस्तकी दाखला. आपल्याकडचा दाखला अधिक जवळचा आहे. फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. आडनावाची अक्षरे उलटी केली की झाले दुसरे माणूस! १९१६ च्या सुमारास त्यांनी याच केळफांच्या जादूवर एक लघुपटही काढला. त्याआधी, पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडल्यावर, त्यांनी छपाईचा कारखाना उभा केला तो लोणावळ्याला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांचा शिळाछाप कारखाना होता. प्लेगच्या दिवसांत मुंबईहून तो तेथे आणलेला होता. फाळक्यांच्या कारखान्याला काम मिळे ते बरेचसे रविवर्म्यांच्या छापखान्याचेच. म्हणजे आंदर मावळ भरायच्या दीड-दोन दशके आधी, डोंगराच्या अलीकडे मावळातच, एका लक्ष्मीच्या आणि एका सरस्वतीच्या हजारो प्रती निघत होत्या आणि घराघरांत पूजेला लागत होत्या. त्यांतली मूळ कोणती, असे कोणी विचारीत नव्हते. वॉल्टर बेन्यामिन यांनी यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते असे १९३०च्या दशकात लिहिले; मळवलीच्या तसबिरींना त्या आधीच उदबत्ती ओवाळली जात होती, आणि त्यांचे तेज कोठे उणावल्याचे दिसत नाही. बेन्यामिन यांचे विधान भारतीय देव्हाऱ्यापाशी अडते, हा मुद्दा कोणी तरी विस्ताराने मांडायला हवा.

प्रतीचे पुढचे पाऊल फाळक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये टाकले. अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारा हा तरुण फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती म्हणून निवडला होता, कारण स्त्रिया मिळत नव्हत्या. ‘लंकादहन’मध्ये विरहाने व्याकूळ पती आणि अपहृत पत्नी एकाच देहात आहेत, चित्रफितीच्या कात्रीने त्यांना वेगळे केले आहे. अँजिअर आणि बॉर्डन यांना ज्यासाठी वीज, टाक्या, बोटे आणि बायका यांची किंमत मोजावी लागली, ते फाळक्यांनी एका नटाच्या मजुरीत आणि थोड्या चिकटद्रव्यात साधले. आणि त्याच सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखविणारा एक लघुपट काढला, ज्यात ते स्वतः काम करताना दिसतात. नोलनच्या जादूगारांचे सारे वैर गुपित राखण्यावर उभे आहे. प्रोफेसर केळफांनी मात्र आपला मंच उघडून, खाली काय आहे ते दाखवून दिले. त्यांना भीती वाटली नाही. उलट पाहणाऱ्याचे कौतुक वाढेल असे वाटले. (फाळक्यांची अखेर विपन्नावस्थेत झाली, त्याचे कारण गुपित फोडणे हे नव्हते, पैशाचे गणित हे होते.)

एवढे झाल्यावर टिपणे फाळक्यांपाशी संपायला हवी होती. पण लंकादहनातल्या सीतेने प्राध्यापकांना पुन्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे आणले. अध्यात्म रामायणात रावणाने नेलेली सीता ही खरी सीता नव्हेच. रामाच्या सांगण्यावरून खरी सीता अग्नीत राहते आणि पळविली जाते ती छायासीता. अग्निपरीक्षेच्या वेळी छाया आत जाते, मूळ बाहेर येते. जादूच्या प्रयोगाची सगळी अंगे येथे हजर आहेत : पडदा, अदलाबदल, पुनरागमन. भाविक श्रोत्याचे समाधान होते, कारण सीतेला रावणाचा स्पर्श झाला नाही. पण लंकेतले दिवस कोणी काढले? अशोकवनात रडले कोण? परंपरेत कोणाला तरी हा प्रश्न डाचला असला पाहिजे, कारण ब्रह्मवैवर्त पुराणात छायासीता अग्नीतून बाहेर आल्यावर आपले पुढे काय, असे विचारते. तिला तप करायला सांगितले जाते आणि ती पुढच्या जन्मी द्रौपदी होते. प्रतीलाही भविष्य द्यावे लागले. सूर्यपत्नी संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून निघून जाते, त्या कथेतही छायेला मुले होतात, तिचा शनी होतो, तिचा राग होतो. पुराणकारांना टाकी रिकामी ठेवणे जमले नाही. आधुनिक समीक्षेला ते सहज जमते, हे प्राध्यापकांनी आपल्या लेखाच्या समासात पेन्सिलीने लिहिले आणि मग, शेरा फार चटकदार झाला असे वाटून, खोडून टाकले.

इंद्रायणीच्या खालच्या अंगाला मराठीतले सर्वांत थोर अंतर्धान घडलेले आहे. तुकोबांच्या वह्या डोहात गेल्या आणि तेरा दिवसांनी तरून वर आल्या, अशी श्रद्धा आहे. लोकांच्या तोंडी अभंग होते म्हणून गाथा उरली, असे दुसरे म्हणणे आहे. पहिल्या म्हणण्यात मूळ प्रत परत येते. दुसऱ्यात मूळ बुडालेलेच राहते आणि प्रती त्याची जागा घेतात. पाठचिकित्सेच्या तासाला प्राध्यापक दुसऱ्या म्हणण्याकडे झुकत. आता त्यांना वाटू लागले की आपली आजी काठावर उभी राहून जे करीत होती, ते यांतले दुसरे होते. गाव वर येणार नव्हते. ते तिच्या तोंडी होते, आणि ती १९९० च्या आगेमागे वारली तेव्हा नातू एका चर्चासत्रासाठी नागपूरला होता. तिने सांगितलेल्या जागांपैकी त्याला आता तीनच आठवत होत्या : खळे, चिंच, जोत्याबाय. उतारा त्याने केला नव्हता.

पुढच्या तासाला त्यांनी शेवटची सात-आठ मिनिटे पुन्हा दाखविली. कटरचा आवाज सांगत असतो की प्रेक्षकाला रहस्य खरोखर नको असते, त्याला फसायचेच असते. जळत्या नाट्यगृहात टाक्यांच्या रांगा दिसतात आणि कॅमेरा एका काचेपाशी थांबतो. एरवी आवाज थांबला की ते दिवे लावीत. या वेळी त्यांनी नामावळी पूर्ण होऊ दिली. मग, कोणत्याही प्रस्तावनेवाचून, यंत्राविषयीचे आपले मत अर्धवट होते, असे त्यांनी वर्गाला सांगितले. करारभंग झाला आहे हे ते अजूनही मानतात. परंतु जुळ्या भावांच्या रहस्याने प्रेक्षक हुशार ठरतो आणि यंत्राच्या रहस्याने तो सामील ठरतो. दुसऱ्या प्रकारात बुद्धीला काम नाही म्हणून आपण त्याला कच्चे म्हणालो. कथानकातील पेच सोडविण्याचा आनंद हा वाङ्मयीन आनंद आहे यात शंका नाही. तो आनंद घेताना वाचकाची नजर कोठून वळविली जाते, हेही संहितेच्या संरचनेतच लिहिलेले असते आणि तेही वाचले पाहिजे. सॅरा तसे वाचीत होती.

हे सर्व त्यांनी नेहमीच्या प्रमाण मराठीत सांगितले. मग ठोकळवाडीचे सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आजीचे शब्द आले, तेव्हा ते जसे होते तसे येऊ दिले. मागच्या बाकावर कोणी तरी हसले. चेष्टेने की ओळखीने, ते कळले नाही.

तास संपल्यावर खांडीकडची ती मुलगी टेबलापाशी आली. तिने पाण्याखाली गेलेल्या त्या गावाचे नाव विचारले. त्यांनी ते सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले, शुद्धलेखन बरोबर आहे ना म्हणून वही त्यांच्यापुढे धरली, आणि म्हणाली, “आमची आजी हे नाव घेते. तिला आणखी दोन येतात.”

तिची एस.टी. सव्वाचारची होती. प्राध्यापकांनी छत्री घेतली आणि तेही तिच्याबरोबर कान्हे फाट्याकडे निघाले.